फितूर कोणाला म्हणायचं?

यंदा गणपतीला आमच्या घरी आरती झाली, मोदक संपले आणि मग नेहमीप्रमाणे फुटबॉलवरून भांडण लागलं. आम्ही मिशिगनमध्ये, ॲन आर्बरपासून वीसेक मैलांवर राहतो. मी मूळचा कोल्हापूरचा, एमएस ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठातून. समोरचा गडी नागपूरचा, त्याचं एमएस कोलंबसचं, ओहायो स्टेटचं. या दोन विद्यापीठांचं फुटबॉलमधलं वैर जुनं, त्यामुळे इथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही एका पंगतीत बसायलाच नको. पण २०१२पासून आमची पैज आहे: नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी होणाऱ्या आपसातल्या सामन्यात ज्याची टीम हरेल त्याने जिंकणाऱ्याच्या गावचं मटण रांधायचं. २०१२ ते २०१९ सलग आठ वर्षं मी सावजी रस्सा केला. २०२० साली करोनामुळे सामनाच झाला नाही. २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं त्याने तांबडा-पांढरा केला आणि दर वेळी त्याचा पांढरा रस्सा फुटला. तर हा गडी म्हणाला, "अबे, कॉलेज फुटबॉल राहिलंच कुठे आता? सगळं आयपीएल होऊन राहिलंय. पोट्टे पैसे घेतात आन् दरवर्षी टीम बदलतात. निष्ठा म्हणून काही चीजच नाही राहिली." यावर माझ्या बाजूची चार मिशिगनवाली मंडळीही माना डोलवायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचं एकमत झालं आणि तेही भलत्याच गोष्टीवर.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: हेल्मेट घालून, बहुतेक वेळ हातानेच खेळायचा हा अमेरिकन फुटबॉल. पण व्यावसायिक संघांइतकंच, खेड्यापाड्यांत तर त्याहून जास्त प्रेम कॉलेजच्या संघांवर. आमच्या स्टेडियमची आसनक्षमता १ लाख ७ हजार ६०१. २०२१पर्यंत नियम असा होता, की इतकी गर्दी ज्यांना बघायला जमते त्या पोरांना शिष्यवृत्ती आणि तिच्याबरोबर येणारा खर्च मिळेल, बाकी बाहेरून एक डॉलर घेतला तर गुन्हा. कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसायचं. २०२१ साली दोन्ही बंधनं सुटली. आपलं नाव आणि चेहरा जाहिरातीसाठी विकायची मुभा मिळाली, आणि एकदा तरी वर्ष न गमावता दुसऱ्या कॉलेजात जायची वाट उघडली; पुढे 'एकदा'ची अटही गेली. १ जुलै २०२५पासून तर कोर्टातल्या एका तडजोडीमुळे प्रत्येक कॉलेज स्वतःच आपल्या सगळ्या खेळाडूंना मिळून वाटा देऊ शकतं, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. माझं म्हणणं असं, की यात बेइमानी काहीच झालेली नाही. पैसा या खेळात शंभर वर्षांपासून आहे, खेळणाऱ्याच्या हातात पोचायला मात्र २०२१ उजाडावं लागलं. आणि निष्ठा ही मुळात गॅलरीत बसणाऱ्याची चीज. ती आपण मैदानातल्या एकोणीस वर्षांच्या पोराकडे मागतो आणि त्याने दिली नाही की त्याला फितूर म्हणतो.

नागपूरकराच्या बोलण्यात दम नाही असं मात्र नाही. पूर्वी एखादा पोरगा पहिल्या वर्षी बाकावर दिसायचा, दुसऱ्या वर्षी थोडा खेळायचा, चौथ्या वर्षी कप्तान व्हायचा, आणि आपण त्याला घरातल्या मुलासारखं मोठं होताना पाहायचो. आता ऑगस्टमध्ये निम्मी नावं नवी असतात. पाठ होईपर्यंत डिसेंबर येतो आणि ती निघून जातात. चार वर्षांत तीन कॉलेजं केलेल्या पोराच्या हातातली पदवी कसली, हा प्रश्नही खराच. कॉलेज बदलू पाहणाऱ्यांची नोंद होते त्या पोर्टलमध्ये नाव टाकलेल्या कित्येकांना दुसरीकडे जागाच मिळत नाही, ती पोरं मध्येच लटकतात. देणगीदारांच्या थैलीवर संघ ठरायला लागले आहेत, यातही खोटं काय? २०२५ साली आलेला आमचा क्वार्टरबॅक (डाव चालवणारा मुख्य खेळाडू) इथल्याच बेलव्हिलचा, पण लुइझियानाला जायचं कबूल करून बसला होता. तो परत कसा वळला आणि त्यासाठी किती डॉलर मोजले गेले, याची वर्तमानपत्रांतली चर्चा एक कोटीच्या पुढचीच होती. आणि सगळ्यात जड मुद्दा मला माझ्या बायकोने ऐकवला: हा सगळा पैसा मुख्यतः फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या मुलांकडे जाणार, पोहणाऱ्या, धावणाऱ्या मुलींचं काय? अशा काही मुलींनी २०२५ साली या तडजोडीविरुद्ध अपील केलं, आणि माझी सहानुभूती पूर्णपणे त्यांच्याकडे आहे.

पण या सगळ्या तक्रारींच्या मागे एक गृहीत धरलेला सोन्याचा काळ आहे. तो शोधायला मी निघालो, तर थेट फील्डिंग योस्टच्या दारात जाऊन धडकलो. योस्ट म्हणजे आमच्या मिशिगनचा आद्य पुरुष. १९०१ साली कोच म्हणून आला, त्या वर्षी त्याच्या संघाने ५५० गुण केले आणि समोरच्यांना एकही करू दिला नाही. हे अजस्र स्टेडियम १९२७ साली उभं राहिलं तेही त्याच्याच हट्टामुळे. हा योस्ट १८९६ साली वेस्ट व्हर्जिनियात शिकत होता आणि तिथल्या संघातून लफायेट कॉलेजविरुद्ध खेळला. ऑक्टोबरात हा पठ्ठ्या त्याच लफायेटमध्ये दाखल झाला, बलाढ्य पेनविरुद्धच्या (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ) सामन्यात लफायेटकडून उतरला, ६-४ असा विजय मिळवून पेनची ३६ सामन्यांची विजयमालिका तोडायला हातभार लावला, आणि दोनेक आठवड्यांत परत वेस्ट व्हर्जिनियाच्या वर्गात येऊन बसला. आजच्या पोर्टलमधल्या कुठल्या पोराने एका सामन्यापुरतं कॉलेज बदललं आहे का? ज्याच्या नावाने आपण परंपरेची शपथ घेतो तोच या धंद्यातला पहिल्या पिढीचा उस्ताद निघाला.

बरं, योस्टला जुना जमाना म्हणून सोडून देऊ. या दोन विद्यापीठांच्या वैराचं शिखर म्हणजे १९६९ ते १९७८ ही दहा वर्षं: तिकडे कोच वूडी हेस, इकडे कोच बो शेम्बेक्लर. बो कुठला? ओहायोतल्या बार्बर्टनचा. खेळला कोणाच्या हाताखाली? वूडीच्या. कोलंबसला सहायक कोच होता कोणाचा? वूडीचाच. म्हणजे गुरूच्या तालमीतले सगळे डाव शिकून शिष्य पुढे शत्रूच्या गोटात गेला आणि पहिल्याच वर्षी, सलग २२ सामने जिंकून आलेल्या गुरूच्या संघाला २४-१२ असं चीत केलं. कोलंबसच्या हिशेबाने याहून मोठी फितुरी ती काय? पण त्याला फितूर कोणी म्हणत नाही. त्या दहा वर्षांच्या गोष्टी दोन्हीकडचे लोक सारख्याच चवीने सांगतात. १९९१ साली ओहायो स्टेटविरुद्ध पंट (त्यांनी लाथेने उडवलेला चेंडू) झेलून ९३ यार्ड पळत नेऊन, गोलरेषेपलीकडे हाइझमन ट्रॉफीच्या (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या) पुतळ्यासारखा उभा राहिलेला डेझमंड हॉवर्ड क्लीव्हलंडचा, म्हणजे ओहायोचाच. १९९७ साली आम्हाला अर्धं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं (उरलेलं अर्धं नेब्रास्काला) त्या संघाचा हिरो चार्ल्स वूडसन ओहायोतल्या फ्रीमाँटचा. मिशिगनच्या इतिहासातून ओहायोची पोरं काढून टाकली, तर मागे राहतं ते मोकळं मैदान आणि बँडपथक. सीमा ओलांडणाऱ्यांनीच हे वैर पोसलं आहे. सीमेचं तरी काय घेऊन बसलात. १८३५ साली टोलीडो शहरासाठी ओहायो राज्य आणि तेव्हाचा मिशिगन प्रदेश एकमेकांवर सैन्य घेऊन गेले होते. टोलीडो त्यांना मिळालं, आम्हाला त्याबदल्यात उत्तरेचं जंगल मिळालं, आणि त्या जंगलाखाली तांबं आणि लोखंड निघालं. (हे मी दर वर्षी सांगतो. नागपूरकर दर वर्षी मोबाईल बघतो.)

निष्ठेचा हा तराजू कोचसाठी मात्र आपण घरीच विसरून येतो. डिसेंबर २००६मध्ये मायामीच्या व्यावसायिक संघाचा कोच निक सेबन छातीठोकपणे म्हणाला, की मी अलाबामाचा कोच होणार नाही. जानेवारी उजाडताच तो अलाबामाचा कोच होता, आणि पुढे तिथे त्याचा पुतळा उभा राहिला. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ साली कोच जिंबो फिशरला काढलं तेव्हा त्याला काम न करण्याचे साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. आमचंच बघा. जिम हार्बॉ हा बोचाच क्वार्टरबॅक, घरचा माणूस. जानेवारी २०२४मध्ये त्याने विजेतेपद आणलं आणि महिना संपायच्या आत तो लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक संघाकडे गेला. आम्ही काय केलं? आभार मानले. समोरच्या संघाचे इशारे चोरण्याच्या प्रकरणात त्याच हंगामातले शेवटचे तीन साखळी सामने त्याला मैदानाबाहेर काढावे लागले होते, हेही पोटात घातलं. नागपूरकर ते दर मोदकामागे एकदा बाहेर काढतो, तो त्याचा हक्कच आहे. पण हार्बॉने ज्यांना 'इथे ये, मी तुला घडवतो' असं सांगून आणलं होतं, त्यांतला एखादा पोरगा कोचच्या मागोमाग निघाला असता, तर आम्ही त्याला काय म्हटलं असतं?

खुद्द बोची गोष्ट निष्ठेचा दाखला म्हणून सांगतात. १९८२ साली टेक्सस ए अँड एमने त्याला दहा वर्षांचे साडेबावीस लाख डॉलर देऊ केले. त्या काळात हा आकडा डोळे पांढरे करणारा होता. बो गेला नाही. खरी गोष्ट, आणि मला ती आवडते. तिची शेपटी सहसा कोणी सांगत नाही: डॉमिनोजचा मालक टॉम मोनॅहन मिशिगनचा मोठा चाहता, त्याने खूश होऊन बोला पिझ्झाच्या एका दुकानाची मालकी दिली. दुकान कुठे? कोलंबसमध्ये! शत्रूच्या राजधानीत दुकान. निष्ठेचं मोल मिळालं आणि त्यात कोणाला काही गैर वाटलं नाही. वाटूही नये. फक्त त्याच बोच्या संघातल्या एखाद्या पोराने त्याच दुकानात फुकट पिझ्झा खाल्ला असता, तर तो नियमभंग ठरला असता.

हा विनोद नाही. डिसेंबर २०१०मध्ये ओहायो स्टेटच्या पाच पोरांना पाच-पाच सामन्यांची बंदी घातली गेली. गुन्हा काय, तर स्वतः जिंकलेल्या अंगठ्या, जर्सी अशा वस्तू विकून पैसे घेतले आणि एका दुकानातून स्वस्तात टॅटू काढून घेतले. आधीपासून माहीत असूनही गप्प राहिला म्हणून कोच जिम ट्रेसलला पुढच्या मे महिन्यात जावं लागलं, अख्ख्या २०१० हंगामाचे विजय पुसले गेले. पण बंदी कधीपासून? पुढच्या हंगामापासून! जानेवारीतला शुगर बोल तोंडावर होता, तिकिटं खपली होती, टीव्हीवाल्यांचे पैसे ठरले होते. तेवढा सामना पोरांनी खेळावा आणि मग शिक्षा भोगावी. तेव्हा मी ॲन आर्बरमध्ये टाळ्या पिटत होतो, 'चोर पकडले' म्हणत होतो. आज तेच काम ते पोरगं दुकानाच्या जाहिरातीत हसत हसत करू शकतं. मग २०१० साली चोर नक्की कोण होता?

'विद्यार्थी-खेळाडू' हा गोंडस शब्द कुठून आला, तेही बघावं. १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस कॉलेजचा रे डेनिसन नावाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असं म्हणत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ती नाकारली. एनसीएए या नियंत्रक संस्थेने हा शब्द रेटला तो असल्याच दाव्यांच्या भीतीने, आणि ही कबुली त्या संस्थेची सूत्रं साडेतीन दशकं हाताळणाऱ्या वॉल्टर बायर्सनेच निवृत्तीनंतर दिली. शिक्षणाची एवढी काळजी असणाऱ्यांनी पोरांना बुधवारी रात्री, गुरुवारी रात्री, टीव्हीला सोयीच्या कुठल्याही रात्री खेळवलं असतं का? २०२१च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या संस्थेविरुद्ध निकाल दिला तो ९-० असा. इतर बाबतींत एकमेकांचं तोंड न बघणारे नऊच्या नऊ न्यायाधीश इथे एका बाजूला आले. गणपतीत मला ते आठवायला हवं होतं, आठवलं रात्री भांडी घासताना.

आणि एक गोष्ट, जी मिशिगनवाल्यांच्या घोळक्यात काढली की शांतता पसरते. आमच्या विद्यापीठात अनेक वर्षं एक डॉक्टर होता, रॉबर्ट अँडरसन. त्याने तपासणीच्या नावाखाली लैंगिक अत्याचार केल्याच्या हजाराहून अधिक तक्रारदारांसाठी विद्यापीठाने २०२२ साली ४९ कोटी डॉलरची तडजोड केली. तक्रारदारांत फुटबॉलची पोरंही होती. बोच्या दत्तक मुलाने २०२१मध्ये जाहीरपणे सांगितलं, की आपण हे वडिलांच्या कानावर घातलं होतं; कुटुंबातल्या इतरांनी बोला काही माहीत नव्हतं असं सांगितलं. बो हयात नाही, मी निवाडा करणारा कोण? पण जुन्या काळातल्या 'कुटुंबा'च्या आठवणीने डोळे ओले करणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे: त्या कुटुंबातून बाहेर पडायचं दार पोरांना कोणत्या बाजूने उघडं होतं? सोडून गेलं तर एक वर्ष बाहेर बसायचं. दार बंद असताना आत बसलेल्याला निष्ठावंत म्हणण्यात काय अर्थ आहे?

मला हे सगळं पटकन पटतं, कारण मी पेठांच्या गावचा आहे. आमच्याकडचा फुटबॉल पायाने खेळायचा, पण वैर हेच. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत काकांच्या शेजारी बसून मी पहिला सामना पाहिला तेव्हा चेंडूपेक्षा माणसांकडेच बघत होतो. दर हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी व्हायची आणि अमका ह्या तालमीतून त्या तालमीत गेला, अशी कुजबुज मिसळीच्या टेबलावर आठवडाभर चालायची. असाच एक राइट विंगर आमची तालीम सोडून गेला. पहिल्या सामन्यात त्याच्या पायाला चेंडू लागला की काका उभे राहून शिव्या घालायचे, नावानिशी, आई-बापाच्या नावानिशी. दोन वर्षांनी तो परत आला, पहिल्याच सामन्यात गोल केला, आणि त्याला खांद्यावर घेणाऱ्यांत काका पहिले. मी विचारलं तर म्हणाले, "लेका, पोरगं हिकडं तिकडं जाणारच, त्येला पोट हाय. आपण कुठं जाणार?" हल्ली तर तिथल्या संघांतून आफ्रिकेतली पोरंही खेळून गेली आहेत. त्याने शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेची खुन्नस कमी झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि थोडं मागे गेलं तर शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला तेव्हा पंजाबातून मल्ल आणले, त्यांना खुराक दिला, खासबागेत लढवलं. खुराक घेणारा पैलवान भाडोत्री आणि उपाशीपोटी लढणारा शुद्ध, असं कोल्हापुरात तरी कोणी म्हटलं नाही.

तरी गोंधळ आहेच, तो मी वर कबूल केला. पण तो कोणी घातला? पोरांनी टिकावं असं वाटत असेल, तर त्याला जगात एक साधा उपाय आहे: करार. तीन वर्षं खेळ, एवढे पैसे घे, मध्ये गेलास तर भरपाई दे. आणि कॉलेजने मध्येच काढलं तर त्याने द्यावी. कोचबरोबर हे बिनबोभाट होतं. खेळाडूंबरोबर करायचं तर त्यांना कामगार म्हणावं लागेल, आणि तो शब्द विद्यापीठांच्या घशाखाली उतरत नाही. २०१४ साली नॉर्थवेस्टर्नच्या पोरांनी संघटना करायचा प्रयत्न केला. कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने त्यांना कामगार ठरवलं, पण २०१५ साली वरच्या मंडळाने प्रकरणातून अंग काढून घेतलं. तेव्हाच बसून नियम ठरवले असते, तर आज कोर्टाच्या एकेका निकालागणिक छप्पर उडालं नसतं. मुलींच्या खेळांचा वाटाही तिथे टेबलावर मांडता आला असता.

आणि खरी फितुरी दाखवायचीच असेल तर माझ्याकडे नाव आहे. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट ही शेजारची विद्यापीठं १९०४पासून एकमेकांशी भांडत आली. २०२३ साली त्यांचा तूर्तास शेवटचा सामना झाला, कारण ओक्लाहोमाला जास्त पैशांच्या साखळीत, म्हणजे आपसात खेळणाऱ्या संघांच्या दुसऱ्या गटात, जायचं होतं. पॅसिफिक किनाऱ्यावरची शंभर वर्षांची साखळी २०२३च्या उन्हाळ्यात बघता बघता फुटली. कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड आता अटलांटिक किनाऱ्याच्या साखळीत खेळतं. आमच्या 'बिग टेन'मध्ये १८ संघ आहेत, न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत. शेजाऱ्याशी भांडण हाच ज्या खेळाचा जीव, त्यातले शेजारीच टीव्हीच्या पैशांसाठी तोडले. हे कोणी केलं? एकाही खेळाडूला विचारलं गेलं नव्हतं. सह्या कुलगुरूंच्या होत्या. पोरगं गेलं तर नवं येतं. शेजार गेला की मला नोव्हेंबरात रडायला माणूस कुठून आणायचा?

मी ऑगस्ट २००६मध्ये इथे आलो. त्या नोव्हेंबरात पहिल्या क्रमांकाचं ओहायो स्टेट आणि दुसऱ्या क्रमांकाचं मिशिगन समोरासमोर आले. आदल्या दिवशी बो गेला. आम्ही सहा जण एका खोलीत, एक टीव्ही, कुकरमध्ये खिचडी; नियम कोणालाच कळत नव्हते. ४२-३९ने हरलो. त्या दिवशी खेळलेल्यांपैकी मला आज पाच नावंही आठवत नाहीत, पण खिचडी तशीच राहिली होती हे आठवतं.

कोलंबसला या सामन्याच्या आठवड्यात विद्यापीठातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम'वर लाल फुली मारतात. नागपूरकराने तो रिवाज मराठीत आणला आहे: त्या आठवड्यात तो मेसेजमध्ये 'म' लिहीत नाही. यंदा त्याला इतका जोर चढलाय की आत्ताच सुरुवात केली. काल रात्री मेसेज आला: "टण सात किलो सांगून ठेव. सावजी साला ी नागपूरहून ागवतो."